रोमन फरशीचे काठ: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात रोमन मोझेक फरश्यांची छायाचित्रं छापली होती. मधल्या देवदेवतांपेक्षा वाचकांची नजर काठांवरच जास्त खिळलेली दिसते. आलेली बहुतेक पत्रं काठांबद्दल आहेत. लुगड्याची पारख काठावरून करणाऱ्या मुलखात हे व्हायचंच. निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे देत आहोत. फरशीत बसवलेल्या दगडाच्या छोट्या चौकोनी तुकड्याला रोमन लोक ‘टेसेरा’ म्हणत. आपण सोयीसाठी ‘खडा’ म्हणू.

प्रश्न: छायाचित्रांत काठांचे इतके प्रकार दिसतात की मुलांना काय सांगावं कळत नाही. ते ओळखायचे कसे? (कलाशिक्षक, निपाणी)

प्रकार वाटतात तितके नाहीत. मुलांना मधलं चित्र हाताने झाकून फक्त काठ पाहायला सांगा. सात-आठ घराण्यांत बहुतेक सगळे बसतात.

सगळ्यांत साधा म्हणजे दोन-तीन खडे रुंदीचा काळा पट्टा. त्यानंतर दात्यांचा काठ, म्हणजे ओळीने मांडलेले काळे-पांढरे चौकोन. पायऱ्यापायऱ्यांनी चढणारे त्रिकोण हा तिसरा. चौथी लाट: फुटायच्या बेतात असलेल्या लाटेसारखे वाकडे शेंडे एकामागून एक धावतात. जर्मन अभ्यासक याच काठाला ‘धावता कुत्रा’ म्हणतात. पाचवं चौकटी वळण, म्हणजे काटकोनांत वळत जाणारी सलग रेघ. त्याला ‘मीएंडर’ हे नाव आजच्या तुर्कस्तानातल्या एका नागमोडी नदीवरून पडलं. सहावी वेणी, म्हणजे दोन किंवा तीन पेड एकमेकांत गुंफलेला काठ. सातवी अकँथस नावाच्या झुडपाच्या कातरलेल्या पानांची वेलपत्ती. या वेलपत्तीत कधी पक्षी, कधी फळं, कधी बालरूपातले कामदेव बसवलेले सापडतात. याशिवाय अर्धचंद्रासारख्या ढालींची रांगही काही ठिकाणी काठाचं काम करते.

मोठ्या फरशीला यांतले तीन-चार काठ एकाबाहेर एक असतात. आजच्या तुर्कस्तानातल्या पर्गामोन या प्राचीन शहराच्या राजवाड्यातली हेफायस्टियोन नावाच्या कारागिराची सही असलेली फरशी बर्लिनच्या संग्रहालयात आहे. तिचं मधलं चित्र गेलं आहे, पण वेलपत्तीचा काठ उरला आहे आणि आज ती फरशी त्याच काठासाठी ओळखली जाते.

नुसत्या काठावरून फरशीचं साल सांगू नका. वेणी आणि लाट ही नक्षी शतकानुशतकं चालली. इटलीत पहिल्या-दुसऱ्या शतकात काळ्या-पांढऱ्या फरश्यांची चलती होती, तर उत्तर आफ्रिका आणि पूर्वेकडे रंगीत काम भरभरून झालं, एवढा ढोबळ फरक सांगितला तरी पुरे.

प्रश्न: दोन पेडांची वेणी आमच्या कारखान्यात करून पाहिली. तीन बाजू छान जमल्या, चौथ्या कोपऱ्यात सगळं फसलं. चूक कुठे झाली? (मोझेक टाइल व्यावसायिक, उद्यमबाग, बेळगाव)

चूक बहुधा पहिल्याच खड्याला झाली असणार. वेणी एका कोपऱ्यातून सुरू करून भरत नेली की चौथ्या कोपऱ्याला उरेल त्या जागेत शेवट कोंबावा लागतो. वेणी आधी मोजायची आणि मगच भरायची. आखणी अशी करा.

वेणीच्या दोन पेडांमध्ये जिथे फट पडते तिथे एक पांढरा खडा बसतो, त्याला ‘डोळा’ म्हणू. एका पेडाची रुंदी पाच खडे: वरून खाली काळा, तांबडा, पिवळा, पांढरा, काळा. डोळ्यातून काठाच्या आडव्या दिशेने मोजलं तर वरचा पेड ५, डोळा १, खालचा पेड ५ अशा ११ ओळी होतात. खडा १ सेंमीचा आणि सांधा १ मिमीचा धरला तर काठ १२.१ सेंमी रुंद भरतो.

काठाच्या बरोबर मध्यावर सुताने रेषा मारा आणि तिच्यावर समान अंतराने डोळे घ्या. प्रत्येक डोळ्याभोवती कंपासने दोन वर्तुळं काढा, लहानाची त्रिज्या १ खडा आणि मोठ्याची ५ खडे. ही वर्तुळं म्हणजे काळ्या कडांच्या मध्यरेषा. दोन डोळ्यांमध्ये ६ खड्यांचं अंतर ठेवलं तर एकाचं मोठं वर्तुळ शेजारच्याच्या लहान वर्तुळाला नेमकं टेकतं. ही झाली घट्ट वेणी, तिच्यात पेड मधली रेषा उभाच ओलांडतो. ७ ठेवलं तर पेड जरा तिरका वाहतो आणि दिसायला जास्त बरा वाटतो. अशा वेळी वर्तुळं टेकत नाहीत, त्यांना जोडणारी तिरपी रेघ हाताने ओढावी लागते. ८ च्या पुढे गेलात की वेणी सैल पडते.

आता मोजणी. समजा काठाचा बाहेरचा चौकोन ३ मीटर बाय ४ मीटर आहे. डोळे मधल्या रेषेवर असतात, म्हणून दोन्ही बाजूंतून काठाची रुंदी वजा करायची: २.८८ आणि ३.८८ मीटर. ७ खडे म्हणजे सांध्यासकट ७.७ सेंमी. २८८ ला ७.७ ने भागलं की ३७.४ येतात, ते ३७ धरा. ३८८ चे ५०.४ येतात, ते ५० धरा. अंतर आता एका बाजूला ७.७८ आणि दुसऱ्या बाजूला ७.७६ सेंमी झालं. हा फरक कुणाच्या बापाला दिसत नाही. प्रत्येक कोपऱ्यात एक डोळा येतो आणि एकूण डोळे १७४ होतात.

तरीही वेणी फसण्याच्या तीन जागा राहतात.

पहिली म्हणजे पेडाचा कल. दोन पेड जिथे एकमेकांना छेदतात तिथे वर दिसणाऱ्या पेडाचा कल सगळीकडे एकाच बाजूचा हवा. एकदा चढता, एकदा उतरता केलात की वेणीचा पीळ सुटतो.

दुसरी रंगांची. वरच्या पेडात तांबडी ओळ बाहेरच्या अंगाला असेल तर त्याच ठिकाणी खालच्या पेडात ती डोळ्याकडच्या अंगाला येते. दोरीचा रंगीत धागा दोरीबरोबर वर-खाली जातो, तसंच हे. आरसा धरल्यासारखं दोन्हीकडे तांबडा बाहेर ठेवला तर छेदावर तांबड्याला पांढरा येऊन भिडतो. नवशिक्याची ही चूक शंभरातल्या नव्वद कामांत दिसते.

तिसरी सम-विषमाची. दोन पेडांचे रंग वेगवेगळे असतील, म्हणजे एक तांबड्या छटांचा आणि एक निळ्या, तर काठाभोवतीच्या डोळ्यांची एकूण संख्या सम हवी. विषम झाली की फेरी पूर्ण होताना तांबडा पेड निळ्याच्या जागी येऊन उभा राहतो. समोरासमोरच्या बाजूंवर सारखे डोळे असले की बेरीज आपोआप समच येते. गोंधळ होतो तो खोली वाकडी असल्यामुळे एका बाजूला ५० आणि समोर ५१ घेतले तर. तिपेडी वेणीत डोळ्यांच्या दोन रांगा असतात, तिथे प्रत्येक रांगेतले डोळे तीनच्या पटीत हवेत.

तुमच्या फोटोत चौथ्या कोपऱ्याजवळ तांबडा आणि पांढरा समोरासमोर आलेले दिसतात, म्हणजे दुसरी चूक नक्की आहे. कोपऱ्यापाशी डोळे दाटलेले आहेत, म्हणजे मोजणीही झालेली नाही. मनाला लावून घेऊ नका. खुद्द रोमन फरश्यांतही अशा अडखळलेल्या वेण्या सापडतात, आणि दोन बाजूंनी काम करत आलेले कारागीर कुठे भेटले असतील याचा अंदाज अभ्यासक अशाच जागांवरून बांधतात.

प्रश्न: मी कशिदा (कसूती) करते. चौकटी वळण आणि पायऱ्यांचे त्रिकोण कापडावर उतरवता येतील का? टाके कसे मोजावेत? (टिळकवाडी, बेळगाव)

हे दोन्ही काठ कसूतीसाठीच जन्मल्यासारखे आहेत, कारण दोन्हीकडे काम छापावर होत नाही, मोजून होतं.

चौकटी वळण गवंतीत, म्हणजे दुहेरी धावदोऱ्यात करा. एक टाका म्हणजे एक पाऊल धरून चला: वर २, उजवीकडे २, खाली १, डावीकडे १, खाली १, उजवीकडे २. एक नग झाला. नऊ टाके लागले आणि तुम्ही ३ पावलं पुढे सरकलात. इथून पुन्हा वर २. सगळीकडे दोन रेषांमध्ये एकाच पावलाचं अंतर राहतं, म्हणून हे वळण डोळ्याला स्वस्थ वाटतं. गवंतीत जाताना एकाआड एक टाके पडतात आणि परतताना रिकाम्या जागा भरतात, त्यामुळे उलट बाजूलाही वळण तसंच उमटतं. हेच दगडात करायचं तर ५ ओळी उंची लागते आणि दर ६ खड्यांनी नग फिरून येतो. एका नगाच्या ३० खड्यांत १८ काळे, १२ पांढरे.

पायऱ्यांच्या त्रिकोणाला नेगी, म्हणजे विणल्यासारखा दिसणारा धावदोरा घ्या, भरीव दिसेल. तळाला ७, मग ५, मग ३, शेंड्याला १. दोन त्रिकोणांच्या तळांमध्ये एक घर मोकळं सोडा. असं केलं की मधल्या मोकळ्या जागेत उलटा त्रिकोण आपोआप तयार होतो आणि तोही ७, ५, ३, १ मापाचा निघतो. काळ्याची घरं १६, पांढऱ्याची १६. पांढऱ्यावर काळं की काळ्यावर पांढरं हे ठरवताच येत नाही आणि रोमन कारागिरांना नेमकी हीच फसवणूक आवडायची. बाजू त्रिकोणानेच सुरू होऊन त्रिकोणानेच संपावी असं वाटत असेल तर घरांची संख्या ८ च्या पटीपेक्षा एकाने कमी धरा: ७९, ८७, ९५.

कोपऱ्यात दोन्ही काठ वळवायच्या भानगडीत पडू नका. तिथे एक वेगळा चौकोन काढा आणि त्यात फूल किंवा गाठ भरा. वळण आणि लाट या दोन्हींना दिशा असते. मधोमध आरसा धरून जुळवायला गेलात तर दोन शेंडे एकमेकांवर आदळतात. कोपऱ्यातला चौकोन ही रोमन कारागिरांचीच पळवाट आहे, आणि ती वापरल्याने काम हलकं ठरत नाही.

प्रश्न: फरशीखाली रोमन लोक काय घालत? आमच्याकडे जांभा, काळा दगड आणि शहाबादी मुबलक मिळतो. यातून खडे निघतील का? दर किती पडेल ते सोडा, माल किती लागेल ते सांगा. (गवंडी मेस्त्री, खानापूर)

विट्रुव्हियस या रोमन वास्तुकाराने इ. स. पूर्व पहिल्या शतकात लिहिलेल्या ग्रंथाच्या सातव्या भागात थर दिले आहेत. ठोकून घट्ट केलेल्या जमिनीवर आधी मुठीएवढ्या दगडांचं सोलिंग. त्यावर खडी आणि चुन्याचा कोबा: नवी खडी असेल तर ३ भागांना १ भाग चुना, जुन्या बांधकामाची असेल तर ५ ला २. हा धुमसून पाऊण रोमन फूट, म्हणजे सुमारे २२ सेंमी जाड राहिला पाहिजे. त्यावर सुरखी (भाजलेल्या विटांची पूड) आणि चुन्याचा थर, ३ ला १, किमान सहा अंगुळं म्हणजे ११ सेंमी. मग खडे. उत्खननात मात्र प्रत्येक फरशीखाली इतका सगळा जामानिमा सापडत नाही. पुस्तकातलं माप आणि साइटवरचं माप यांत तेव्हाही अंतर होतंच.

सुरखी का, हे तुम्हाला सांगायला नको, पण नव्या पोरांसाठी लिहितो. नुसता चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन कडक होतो. ओल कोंडली की तो महिनोन् महिने कच्चा राहतो. भाजलेल्या मातीची पूड चुन्याशी संयोग पावते आणि तो ओलीतही धरतो. खानापूरच्या पावसाळ्यात याचं मोल कळतं. जास्त भाजून काळपट, काचेसारखी झालेली वीट सुरखीला घेऊ नका, ती चुन्याशी फारशी बोलत नाही. मध्यम भाजलेली वीट किंवा कौल चांगलं.

आज घरात पक्क्या काँक्रीटवर काठ बसवायचा असेल तर सगळे थर लागत नाहीत. विरवून मुरवलेला चुना १, बारीक सुरखी १, धुतलेली वाळू २ असं १५ ते २० मिमी अंथरूण करा. त्यावर बारीक चाळलेल्या सुरखी-चुन्याचा ३ ते ५ मिमी लेप द्या आणि त्यात खडे दाबा. लेप एका वेळी अर्ध्या-पाऊण तासात भरेल तेवढाच. एप्रिलमध्ये आमच्याकडचा वारा लेपावर पापुद्रा धरतो, मग खडा बसल्यासारखा दिसतो आणि चार महिन्यांनी टाचेखाली निसटतो. अंथरूण आधी पाण्याने पाजा आणि खडेही भिजवून घ्या. चुन्याच्या अंथरुणावर वरून सिमेंटचा सांधा भरू नका. सिमेंट ओल बाहेर सोडत नाही, ती खड्यांखाली साचते आणि कडेने लोणा धरतो.

खड्यांसाठी जांभा बाद. सच्छिद्र असतो, कड टिकत नाही, १ सेंमीला फोडला की हातात भुगा येतो. काळा दगड म्हणजे बेसाल्ट उत्तम, टिकाऊ, पण हत्यार खातो. शहाबादी पापुद्र्यांनी सुटतो, म्हणून त्याचा खडा उभा बसवू नका. थर ज्या दिशेने आहेत तसाच आडवा बसवा. कडप्पा फोडायला सोपा. पांढऱ्यासाठी मकराण्याच्या संगमरवराच्या चुऱ्यात भरपूर माल निघतो. पिवळ्यासाठी जैसलमेरी. तांबड्यासाठी खानापुरी कौलांचे तुकडे चालतात. हलकं काम समजू नका, ब्रिटनमधल्या रोमन फरश्यांत तांबडा खडा बऱ्याचदा भाजलेल्या मातीचाच आहे. फक्त कौल दगडाआधी झिजतं, म्हणून दरवाज्याच्या वाटेवर ते कमी वापरा.

फोडायची रीत जुनीच: लाकडी ओंडक्यात छिन्नी धार वर करून रोवायची, तिच्यावर दगड टेकवायचा आणि वरून हातोडी. आधी पट्ट्या, मग खडे. पट्ट्या कटरने काढल्या तरी चालतील, पण शेवटचा घाव हातोडीचा ठेवा. कटरने सहाही बाजू गुळगुळीत झाल्या की फरशी दुकानातल्या टाइलसारखी मेलेली दिसते.

माल: १ सेंमीचा खडा, १ मिमी सांधा, तर चौरस मीटरला सुमारे ८,२५० खडे. ३ बाय ४ मीटरच्या चौकोनाभोवती १२ सेंमीचा काठ म्हणजे १.६२ चौरस मीटर, म्हणजे १३,४०० खडे. फुटतूट धरून १५,००० करा. जाडी १ सेंमी असेल तर बसलेल्या खड्यांचं वजन ३६ किलोच्या आसपास. ओझं पाहून दगड कमी वाटेल. वेळ दगडात जात नाही, फोडण्यात जातो.

प्रश्न: जुन्या वाड्यातली खोली आहे, एक भिंत दुसरीपेक्षा चार इंच लांब. सरळ काठ घातला तर वाकडेपणा उघडा पडेल आणि भिंतीला समांतर घातला तर काठच वाकडा होईल. काय करावं? (संकेश्वर)

काठ भिंतीला लावूच नका. रोमन घरंही काटकोनात नव्हती. त्यांनी काठाच्या बाहेर भिंतीपर्यंत साध्या खड्यांची एक पट्टी सोडली. बहुधा पांढरी किंवा विटकरी, आतल्यापेक्षा मोठ्या आणि ओबडधोबड खड्यांची. काठ आणि आतलं सगळं काटकोनात ठेवायचं, वाकडेपणा त्या पट्टीने गिळायचा. एका बाजूला ती २५ सेंमी आणि समोर ३५ भरली तरी पाहणाऱ्याची नजर काठावर असते.

खोलीचे कर्ण दोऱ्याने मोजा. मधून काटकोन काढा, ३-४-५ च्या त्रिकोणाने. सर्वांत अरुंद जागेत जो चौकोन मावतो तो धरा. चौकोनाच्या कडेला दोन ओळी साध्या खड्यांच्या काठाला समांतर लावा आणि त्यानंतरच पट्टीचे खडे भरा. या दोन ओळी नसतील तर पट्टीतले कातरलेले तुकडे थेट काठाला भिडतात आणि काठाची रेघ हलल्यासारखी दिसते. कपाट, पलंग वाकड्या भिंतीकडे गेले तर आणखी उत्तम. रोमन जेवणघरातही आडवं होऊन जेवायचे पलंग जिथे यायचे तिथे साधीच नक्षी असे. कष्टाचं काम जिथे दिसेल तिथेच.

प्रश्न: इरकलीच्या गोमी, परासपेठ काठांत आणि या रोमन काठांत साम्य दिसतं. रोमन नक्षी आपल्याकडे आली, की आपली तिकडे गेली? वळणात स्वस्तिकही दिसलं. (विणकर, शहापूर, बेळगाव)

साम्य खरं आहे, पण त्यातून नातं सिद्ध होत नाही. ताणा-बाण्यावर नक्षी काढणाऱ्याला वाकडी रेघ सहज काढता येत नाही, ती पायऱ्यांनी चढवावी लागते. चौकोनी खड्यांतही तेच. हत्याराची अडचण सारखी असली की दूरदूरचे कारागीर एकाच नक्षीवर येऊन पोचतात. वेणी मात्र लक्षात घ्या. वर्तुळाकार असल्यामुळे खड्यात ती शोभते आणि मागावर तिचे दात पडतात. तुमच्या काठांत पायऱ्या जास्त आणि त्यांच्या काठांत गोलाई जास्त, हा फरक साम्याइतकाच बोलका आहे.

रोमशी या भागाचा व्यापारी संबंध होता, हे वेगळं. कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या टेकडीवर समुद्रदेव पोसायडनची रोमन घडणीची कांस्यमूर्ती सापडली आणि सातवाहन काळातली वस्ती बेळगावजवळ वडगाव-माधवपूरलाही उजेडात आली. माल येत होता. पण मूर्ती आली म्हणून फरशीचा काठही आला असं म्हणता येत नाही.

स्वस्तिकाचं म्हणाल तर चौकटी वळणाच्या दोन रेषा एकमेकींना छेदल्या की ते आकारातून आपोआप निघतं. रोमन फरश्यांत स्वस्तिक आणि चौकोन एकाआड एक घेतलेले काठ खूप आहेत. आपल्या दारातल्या स्वस्तिकाचा अर्थ त्यांच्यावर लादू नये.

प्रश्न: मधलं चित्र आणि काठ एकच माणूस करायचा का? मजुरी किती मिळे? (महाविद्यालयीन विद्यार्थिनी, चिकोडी)

बऱ्याचदा नाही. बारीक कामाचं मधलं चित्र कधीकधी दगडाच्या किंवा भाजलेल्या मातीच्या तबकडीवर कार्यशाळेत तयार होई आणि मग फरशीत बसवलं जाई. अशा चित्रात खडे ४ मिमीचे किंवा त्याहून लहान. काठ जागेवरच भरावा लागे, कारण त्याचं माप खोलीवर अवलंबून.

मजुरीचे आकडे सम्राट डायोक्लीशनच्या इ. स. ३०१ च्या दरपत्रकात आहेत, जेवणाखेरीज रोजचे. ‘मुसेआरिउस’ला ६० दिनार, ‘टेसेलारिउस’ला ५०. पहिला भिंती-घुमटांवरचा आणि दुसरा फरशीवरचा कारागीर, असं साधारणपणे मानलं जातं. शेतमजुराला २५, साध्या भिंती रंगवणाऱ्याला ७५ आणि आकृत्या रंगवणाऱ्या चित्रकाराला १५०. फरशीवर गुडघे झिजवणाऱ्याला चित्रकाराच्या एक तृतीयांश. हे प्रमाण वाचून आपल्याकडचे मेस्त्री हसतील, पण रागाने.

प्रश्न: काही काठ फरशीतून वर आलेल्या ठोकळ्यांसारखे दिसतात. आम्ही तीन रंग वापरूनही ते सपाटच दिसतात. (अथणी)

तीन रंग नको, तीन उजेड हवेत. ठोकळ्याची वरची बाजू सगळ्यात उजळ, एक बाजू मध्यम, एक गडद. रंग तांबडा असो की हिरवा, डोळा फक्त उजेडाची पायरी वाचतो. तुमच्या नमुन्यात तांबडा आणि करडा दोन्ही एकाच पायरीवर आहेत. मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढा. दोन रंग एक झाले तर त्यांतला एक बदला.

दगड निवडताना तो ओला करून पाहा. कोरडा कडप्पा करडा दिसतो, ओला काळा. फरशी घासून चकाकली की रंग ओल्याच्या जवळ जातो, त्यामुळे कोरड्यावर निवडलेल्या छटा नंतर घसरतात. आणि उजेडाची दिशा चारही बाजूंना ठरवून ठेवा. पॉम्पेईच्या ‘फॉनच्या घरा’त १८३१ मध्ये सापडलेल्या, सुमारे ५.८ बाय ३.१ मीटरच्या अलेक्झांडरच्या चित्राभोवती असा उठावदार दात्यांचा काठ आहे. तो आता नेपल्सच्या संग्रहालयात. त्याचा मोठा फोटो छापून घ्या आणि शेजारी ठेवून काम करा.

प्रश्न: हे काठ पाहायला जायचं तर कुठे? आणि परदेशातून मोझेकचा जुना तुकडा विकत मिळतो म्हणतात, घ्यावा का? (कॅम्प, बेळगाव)

ट्यूनिसचं बार्डो संग्रहालय, तुर्कस्तानात गाझियानतेपचं झ्यूग्मा संग्रहालय, सिसिलीत पियात्सा आर्मेरिनाची व्हिला, म्हणजे रोमन कोठी. इंग्लंडला कुणी नातेवाईक असतील तर ससेक्समधला फिशबोर्नचा रोमन राजवाडा चुकवू नका. १९६० मध्ये पाण्याच्या पाइपासाठी चर खणताना तो राजवाडा सापडला. तिथल्या डॉल्फिनवर बसलेल्या कामदेवाभोवतीच्या वेलपत्तीत एक छोटा पक्षी बसवला आहे. ती कारागिराची खूण असावी असं काही जण मानतात.

तुकडा घेऊ नका. संपूर्ण फरशी उचलणं जड, म्हणून चोर लहान लहान तुकडे काढतात, आणि तुकडा कुठल्या फरशीचा हे एकदा पुसलं गेलं की परत जोडणं कठीण. झ्यूग्मा या प्राचीन शहरातल्या एका प्रसिद्ध फरशीचे १२ तुकडे अमेरिकेतल्या एका विद्यापीठाकडे होते, ते २०१८ मध्ये तुर्कस्तानला परत गेले.

प्रश्न: आमच्या आजोबांच्या काळातली मोझेक फरशी आहे. चमक यावी म्हणून ॲसिडने धुतली तर? (हुक्केरी)

नको. संगमरवराचा चुरा, शहाबादी, कडप्पा, चुना हे सगळे ॲसिडला बळी पडतात. फरशी फेसाळते, तुम्हाला वाटतं मळ निघतोय, निघतो दगड. सांधे आधी खोल जातात, मग त्यांत धूळ बसते आणि फरशी पूर्वीपेक्षा काळी दिसते. कोमट पाण्यात थोडा सौम्य साबण, नारळाच्या काथ्याचा नरम ब्रश, दोनदा साधं पाणी, आणि लगेच कोरड्या फडक्याने पुसणं. तरी डाग राहिला तर बारीक पॉलिशच्या दगडाने पाणी घालत हाताने घासा. एक हातभर जागा आधी कोपऱ्यात करून बघा.